गार इंजिन

जुनी गाडी घ्यायची तर मुंजाजी मिस्त्रीचा हात लागल्याबिगर घ्यायची न्हाई, असं आमच्या भागात बोलत्यात. अजून बी बोलत्यात, हेच तर माझं दुखणं हाय. कुणी एकजण उठून म्हणला असता की मिस्त्री लबाड हाय, तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण कुणी म्हणत न्हाई.

देवगाव फाट्यावर माझं दुकान. दुकान म्हंजी काय, लिंबाखाली पत्र्याचं छप्पर, एक लाकडी पेटी आन् पाण्याचा माठ. ट्रक येऊ द्या, ट्रॅक्टर येऊ द्या, मी खोलतो आन् जोडतो. पण नाव झालं ते बघण्यामुळं. सेलूला कापूस घालून चार पैसे हातात आले की माणसाला जुन्या गाडीची हौस सुटती, मग माझी आठवण होती. चला मिस्त्री, तेवढी नजर टाकून द्या. मी जातो, गाडी बघतो आन् एवढंच सांगतो, एक तर 'घ्या', न्हाईतर 'राहू द्या'. जास्ती बडबड केली की मिस्त्रीची किंमत राहत न्हाई.

सेलूला माझा उस्ताद होता, म्हातारा, एका डोळ्यानं अधू. त्यानं मला एकच गोष्ट शंभरदा सांगितली. गाडी बघायची तर तांबडं फुटायला बघायची, मालकाच्या अंगणात, रातभर उभी असताना. आधी बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवायचा. गार लागलं तरच पुढं बोलायचं. गरम झालेलं इंजिन कसलं बी असू द्या, एका झटक्यात उठतं, धूर कमी टाकतं, आवाज बी गोड काढतं. सिलिंडरचं बोअर घासलंय का, दम किती राहिलाय, हे गार इंजिनच सांगतं. अन् गरम गाडी दाखवायला आणली तर, म्हणायचा, बेटा, उलटे पाँव घर आना.

मी वीस वर्सं तसंच केलं. एकदाच केलं न्हाई.

आसाराम आमच्याच गावचा. दोन एकर बरड, त्यात पोट भरत न्हाई म्हणून दसरा झाला की नवराबायकू कारखान्याला ऊस तोडायला. असे आठ हंगाम केले त्यांनी. त्याची बायकू सारजाबाई माझ्या मामाच्या गावची, म्हणून मला दादाच म्हणायची. राखीला बी यायची. वय तिशीच्या आत, पण बसली की उठताना गुडघ्यावर दोन्ही हात रोवून उठायची. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढून चढून मानेची शीर धरलेली. एका हंगामात पाचटाचं पान डोळ्यात गेलं, तवापासून डाव्या डोळ्याला पाणी असायचं.

त्या साली उन्हाळ्यात दोघं दुकानावर आले. आसारामला कारखान्यावर ट्रॅक्टर हाकायची सवय झालीती, लायसन बी काढलंतं. म्हणला, "मिस्त्री, डिझेलची पिकअप बघायलोय. मोठी, दणकट. कापसाचं भाडं मारीन, बाजाराच्या दिवशी माणसं नेईन. बैलजोडी काढली इकून."

"अन् तोडीला?" मी इचारलं.

सारजाच बोलली, "कोयता चुलीपुढं लाकडं फोडायला ठेवलाय दादा. आता औंदापासून बंद."

असं म्हणताना ती हसली, अन् तिचा डावा डोळा वाहिला. पदरानं पुसत म्हणली, "हसलं तरी रडतोय मेला."

मग आसाराम म्हणला, "सोनपेठकडं तुमच्या व्याह्यांची गाडी इकायची हाय म्हणत्यात. दिनकररावांची."

तिथंच मी म्हणायला पाहिजे होतं, बाबा, सोयऱ्याची गाडी मी बघत न्हाई, दुसरा मिस्त्री ने. पण मला माझ्या नावाची गुर्मी होती. वाटलं, मुंजाजीचा हात हात हाय, सोयरा असो का परका. म्हणलं, "चला, बुधवारी जाऊ."

माझी रुख्मिणी दिनकररावांच्या घरात दिलेली. लग्नाला दोन वर्सं होऊन गेलीती, अजून पोरबाळ न्हवतं. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई, मुक्काम तर लांबच. म्हणून तिकडं जाताना मी माझा फिरकीचा तांब्या भरून न्यायचो. ह्यात एक अडचण होती, आन् ती मला आधीच कळायला पाहिजे होती. मुक्काम करायचा न्हाई, मग तांबडं फुटायला गाडी बघायची कशी?

बुधवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद निघाला. पाथरीपर्यंत एसटी आली आन् तिथंच थांबली. पुढं काय करावं म्हणून आमी स्टँडावर उभं, तोवर जावई बन्सीधर समोर. बापाला नाना म्हणतो तो. "नानांनी गाडीच पाठवली. म्हणले, पाव्हणे उन्हात चालत येतील का?"

स्टँडाबाहेर तीच पिकअप उभी होती. निळा रंग, नवा मारलेला. मी गपचिप बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला.

आता हे मुद्दाम केलं का मानपान म्हणून केलं, मला आजपर्यंत ठरवता आलं न्हाई. बंदच्या दिवशी सोयऱ्याला न्यायला गाडी पाठवणं ह्यात वावगं काय? अन् मी तरी काय म्हणणार, गाडी गरम हाय, आमी चालत येतो? मी पुढं बसलो. आसाराम आन् सारजा मागं उभे राहिले, रस्ताभर हौसेनं फळीला धरून. आरशात मला सारजा दिसत होती. गाडी खड्ड्यातून गेली की ती फळीवर थोपटायची, बैलाच्या पाठीवर थोपटत्यात तसं.

दिनकरराव बाजेवर बसलेले. "या या मिस्त्री. तुमचीच गाडी हाय, बघून घ्या बरं. उगं मागून सोयऱ्यानं फसवलं म्हणू नका," असं म्हणून मोठ्यानं हसले. चार माणसं ओट्यावर जमलीती. ती बी हसली.

मी शर्ट काढला आन् गाडीखाली शिरलो. चासी चांगली, कुठं वेल्डिंग न्हाई. स्प्रिंगचे पाटे बरे. टायर निम्मे. मग इंजिनाकडं आलो. ऑइलची काडी काढून दोन बोटांत चोळून बघितलं. ऑइल नवंकोरं आन् जाड, मधासारखं. कालपरवा घातलेलं. जाड ऑइल घातलं की घासलेलं इंजिन चार दिवस गप राहतं, हे मी माझ्या पोराटोरांना शिकवत आलो. सेल मारला. एका झटक्यात उठली. ऑइलचं टोपण काढलं तर वाफ येत होती, पण इतकी न्हाई की बोट दाखवावं. धूर पांढरा न्हाई, काळा न्हाई. जरा निळसर वाटला, ऑइल जळाल्यागत. ऊन बी तसंच होतं.

मनात म्हणलं, पहाटं बघायला पाहिजे. आसाराम आन् सारजा मुक्कामाला राहिले असते, त्यांना कुणी अडवलं न्हवतं. मी नुसतं म्हणलं असतं, आसाराम, रातभर ऱ्हा, सकाळी ही कशी उठती ते बघ, आन् मग काय ते ठरव. पण चार माणसांत असं म्हणणं म्हंजी व्याह्याच्या तोंडावर तू लबाड हाईस म्हणण्यासारखं. अन् मी निघून गेल्यावर ते कुणावर निघालं असतं?

तोवर रुख्मिणी हात धुवायला पाणी घेऊन आली. डोक्यावर पदर, मान खाली. मी पुढं वाकून हात धरले. ती पाणी ओतायली आन् मी साबणानं खसाखसा धुवायलो. धुता धुता माझं ध्यान तिच्या तळहाताकडं गेलं.

माझे हात निघाले, तिचे काळेच. तळव्याच्या रेघांत काजळी बसलेली. चुलीची काजळी अशी बसत न्हाई, ती राखेनं निघती. डिझेलच्या धुराची, तेलकट, महिनो महिने रोज लागल्यावर बसती तशी. ही काजळी मला कुणी सांगायची गरज न्हाई, माझ्या पोटाची भाकरी तिच्यावर हाय. अंगठ्याखाली दोन्ही हातांना घट्टे. मी मान वळवून गाडीच्या मागच्या फळीकडं बघितलं. निळा रंग नवा, पण खालच्या कडंला, धुराच्या नळीजवळ, दोन ठिकाणी रंग घासून गेलता, बाईच्या हाताच्या उंचीवर.

माझी लेक रोज पहाटं गाडी ढकलायलीती.

बॅटरी नवी, सेल चांगला, तरी पहाटं ढकलावी लागती. म्हंजी इंजिनाचा दम संपला. आता आणखी बघायला काही उरलं न्हवतं. मला जे गार इंजिनानं सांगितलं असतं, ते माझ्या पोरीच्या हातांनी सांगितलं.

रुख्मिणीनं माझी नजर बघितली आन् पटकन मुठी मिटल्या. तांब्या हातातून निसटला, पाणी माझ्या पायावर सांडलं. वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले. नुसती मान हलवली, एवढीशी. बाबा, नका.

"काय मिस्त्री?" ओट्यावरून दिनकरराव. "काय म्हणती आमची गाडी?"

आसाराम माझ्या तोंडाकडं बघायलता. सारजा दाराआड बायकांत उभी होती, तिथून बघायलीती.

मी म्हणलो, "घ्या."

झालं. नारळ फुटला. सारजानं गाडीला हळदीकुंकू लावलं, बॉनेटला हात लावून कपाळाला नेला. दिनकररावांनी जेवायचा आग्रह केला. मी म्हणलो, लेकीच्या घरी पाणी बी चालत न्हाई. माझ्या तांब्यातलं पाणी प्यालो. काय पण माझं सोवळं! लेकीच्या घरचं घोटभर पाणी मला नको होतं, आन् दुसऱ्याच्या आठ सालाच्या कष्टात मी माझ्या हातानं माती कालवली.

उन्हाळ्यात गाडी बरी चालली. रात्री बी हवा तापलेली, इंजिन पुरतं गार होतच न्हवतं. आसाराम फाट्यावरून जाताना हॉर्न वाजवायचा, हात वर करायचा. मी पेटीत तोंड खुपसून पाना हुडकत बसायचो.

मिरग सरला, हवेत गारवा आला, आन् गाडी उठंना झाली. आधी आसाराम एकटा उतरणीवर सोडायचा. मग सारजा ढकलायला लागली. मग शेजारपाजारची पोरं. गावातल्या टवाळांनी नाव पाडलं, आसारामची गाडी डिझेलवर न्हाई, सारजावर चालती. सारजा बी हसायची म्हणं. सेलूच्या बाजारात भर गर्दीत फळीला खांदा लावून ढकलताना तिचा पाय घसरला, चिखलात बसली, आन् गाडीत बसलेली गिऱ्हाइकं वर बसल्या बसल्या हसली. एक बी खाली उतरला न्हाई. हे मला आसारामनंच सांगितलं.

तो गाडी घेऊन यायचा, मी नोजल साफ करायचो, डिझेलचा फिल्टर बदलायचो, उगं हे आवळ ते ढिलं कर. मला ठाऊक होतं की ह्यानं काही व्हायचं न्हाई. एकदा धीर करून म्हणलो, "आसाराम, मला वाटतं गाडीच..."

"गाडी चांगली हाय हो मिस्त्री," त्यानं मलाच समजावलं. "तुमी हात लावलेली गाडी. माझंच हाकणं चुकतंय. ट्रॅक्टरची सवय, पिकअपची सवय न्हाई. गिअर जोरात टाकतो मी."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बघून पाना घासत बसलो.

पंचमीला रुख्मिणी माहेरी आली. तिला दिवस गेलेते. तोंडावर तेज, हात भरून हिरव्या बांगड्या. आईपुढं बसून भाकरी खाता खाता मला म्हणली, "बाबा, नवी गाडी आली आमच्याकडं. आता पहाटं उठून ढकलावी लागत न्हाई." अन् दोन्ही तळहात माझ्यापुढं केले, गोरेपान. मी म्हणलो, चांगलं झालं माय. रुख्मिणीचे हात निघाले ते कुणाच्या हातावर गेले, हे मला ठाऊक होतं.

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात बाजारची माणसं घेऊन येताना गाडीनं फाट्याच्या अलीकडं निळ्या धुराचा लोट सोडला आन् बंद पडली. माणसं शिव्या देत चालत गेली. बैलं लावून गाडी माझ्या दुकानापुढं आणली. मी हेड उतरवलं. बोअर घासून घासून कडं पडलेली, त्यात नख अडकत होतं. एका पिस्टनचे तुकडे झालेले. हे चार महिन्यांचं काम न्हवतं, चार वर्सांचं होतं. आसाराम जवळ उभा राहून बघायलता. त्याला त्यातलं काही कळलं न्हाई.

"बांधायची म्हणली तर?" त्यानं इचारलं.

"आणखी एक गाडी येईल तेवढ्यात."

त्यानं पिस्टनचा एक तुकडा उचलून हातात घेतला. मग म्हणला, "माझ्या हातात पडून वाटोळं झालं बगा चांगल्या गाडीचं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. अन् पुन्हा मिटलं. गाडी महिनाभर लिंबाखाली उभी राहिली, मग भंगारवाला येऊन घेऊन गेला. आसाराम त्या दिवशी आला न्हाई. सारजा आली, आन् बॉनेटवरचं वाळलेलं कुंकू पदरानं पुसून घेऊन गेली.

दसऱ्यानंतरच्या पाचव्या दिवशी दुपारी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक फाट्यावर येऊन थांबला. वर भांडीकुंडी, चारदोन कोंबड्या, बायाबापे, लेकरं. आसाराम खाली उडी मारून आला. "मिस्त्री, मुकादमाला म्हणलं, आमच्या मिस्त्रीनं हात लावल्याबिगर पुढं जायचं न्हाई. लेकरंबाळं हाईत गाडीत. जरा बघता का?"

मी वर बघितलं. सारजा फळीला टेकून बसलीती. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला कोयता. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

मी ट्रकाखाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगानं ब्रेकचं ऑइल पाझरायलंतं, टायर ओला. बाहेर येऊन म्हणलो, "ही गाडी हलायची न्हाई."

मुकादम उसळला. "काय लावलंय मिस्त्री? चार टोळ्या पुढं गेल्या. कारखान्यावर जागा मिळायची न्हाई. इतके दिवस चालती ती आज चालत न्हाई व्हय?"

"ब्रेक न्हाई. उतारावर माणसं मरतील."

"तुमी कोण सांगणार? गाडी माझी!"

मी केबिनमध्ये हात घालून किल्ली काढली आन् धोतराच्या सोग्यात खोचली. म्हणलो, "मारायचं तर मार. किल्ली मिळायची न्हाई." चार माणसांत, मोठ्यानं. मुकादम तावातावानं अंगावर आला, पण टोळीतली माणसं मधी पडली. बाया लेकरं घेऊन खाली उतरल्या. मी चाक काढलं, आतलं रबर बदललं, ब्रेकची हवा काढली, बाकीची चाकं बी बघून घेतली. तीन तास गेले. एक पैसा घेतला न्हाई. आसाराम चाकाजवळ बसून पाने देत होता आन् जो येईल त्याला सांगत होता, "म्हणलं न्हवतं का? आमच्या मिस्त्रीच्या तोंडातून खोटं निघायचं न्हाई."

उन्हात बसून सगळे तहानलेले. मी माठाजवळ उभा राहून एकेकाला पाणी द्यायलो. बाया प्याल्या, लेकरं प्याली, मुकादम बी प्याला. सारजा शेवटी आली. मी तांब्या पुढं केला. तिनं धरला न्हाई.

हळूच म्हणली, जवळ कुणी न्हाई ते बघून, "दादा, त्या दिवशी बी तुमाला असंच बोलता आलं असतं."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"रुखमाचे हात मी बी बघितलेते. स्वयंपाकघरात, पीठ मळताना. म्हणलं, मला काय कळतंय गाडीतलं, दादा हाईत ना बघायला. तुमी 'घ्या' म्हणलात, मग मी माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं."

"सारजा, पोरीचं..."

"कळतं मला. पोरीचं कळतं." डावा डोळा वाहिला तो तिनं पुसला न्हाई. "पण मला बी दादाच म्हणायची सवय हाय."

मी म्हणलो, "मी सांगतो आसारामला. आत्ता सांगतो. सगळ्यांपुढं."

"नका सांगू," ती म्हणली. "सहा महिने उसात काढायचे हाईत. त्यांचा भरोसा एवढाच राहिलाय, तो बी नेऊ नका. तुमचं मन हलकं होईल, त्यांचं काय?"

ती वळली, गुडघ्यावर हात रोवून फळीवर पाय दिला आन् वर चढली. पाणी न पिताच.

ट्रक सुरू झाला. आसाराम मागच्या फळीवर उभा राहून हात हलवायला लागला. "मिस्त्री, आल्यावर दुसरी गाडी बघू! तुमीच बघून द्या!"

मी हात वर केला. ट्रक परभणीच्या रस्त्याला लागून वळणाआड गेला, तरी तांब्या माझ्या हातात भरलेलाच होता.

हंगाम सरून टोळी परत आली, पण पुढच्या राखीला सारजा आली न्हाई. आसाराम मात्र येतो, दुकानावर बसतो. नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, जुनी गाडी घ्यायची तर ह्यांचा हात लागल्याबिगर घेऊ नका. मी ऐकून घेतो.